तुमचं ‘बोला’ माझ्याकडंच राहिलं

अण्णा, काल संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे सांगलीचा नंबर लावला. तिकडं घंटी वाजली आणि मॉडेमनं फोन उचलला. तीच किरकिर, मग ती लांब शिट्टी, मग तो खरखराट, आणि पडद्यावर ‘कनेक्ट’. तुम्ही गेलात तरी तुमचा मॉडेम फोन उचलणारच, त्याला कोण सांगणार? पण क्षणभर वाटलं, आता बीप वाजेल आणि पुढं तुमची ओळ येईल.

डेपोतल्या औषधांच्या साठ्याची फाइल गेली. फाइल गेल्यावर मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. तुमच्या जागेवर आलेल्या नव्या माणसानं फाइल पोचल्याचं बघितलं आणि लाइन तोडली. त्याचं काही चुकलं नाही. औषधांच्या घाऊक धंद्यातली कंपनी, मुख्य कचेरी सांगलीला, डेपो साताऱ्याला, रोज संध्याकाळी शिल्लक साठा कळवायचा, काम एवढंच. फाइल गेल्यावर फोन तसाच धरून पडद्यावर गप्पा मारत बसायचं, हे कामात कुठंच नव्हतं. ते आपल्या दोघांचं खूळ होतं, आणि त्या खुळाची सुरुवात तुम्ही केलीत हे मी आजही सांगेन, कोणीही विचारलं तरी.

तुम्हाला आठवतंय ना, पहिल्या दिवशी मला काही म्हणता काही जमत नव्हतं. डेपोत कॉम्प्युटर आला, त्याला फोनच्या लाइनीशी जोडणारा मॉडेम आला, आणि सोबत कंपनीच्या कोर्सला पाठवलेली मी. टर्मिनलचा प्रोग्राम म्हणजे काय, हे कोर्समध्ये कोणी धड सांगितलं नव्हतं. तुम्ही फोनवर समजावलंत. म्हणालात, ‘आवं मॅडम, सोपं हाय. तुमचा कीबोर्ड हितं सांगलीत आला असं समजा, आन माझा तिकडं सातारला. तुमी दाबलेलं अक्षर माझ्या पडद्यावर उमटणार.’ तुमचा आवाज असला दांडगा की मी रिसिव्हर कानापासून वीतभर लांब धरला होता आणि गोडाऊनमधला हमालसुद्धा काम थांबवून ऐकत होता. फोन नसता तरी साताऱ्याला ऐकू आलं असतं. तुमचे वाडवडील जतच्या बाजूच्या माळावर मेंढरं राखणारे. या टेकाडावरून त्या टेकाडावर हाळी द्यायची सवय रक्तातच, असं तुम्हीच नंतर सांगितलंत.

तर तुम्ही आकडे सांगत गेलात आणि मी भरत गेले. वेग इतका, बिट आठ, पॅरिटी नको. त्यातली पॅरिटी मी चुकीची ठेवली. जोडणी झाली आणि तुमच्या पडद्यावर माझ्याकडून नुसत्या चौकटी, उलटीसुलटी चिन्हं आणि मध्येच एखादा बदाम. तुम्ही लाइन तोडून परत फोन केलात. म्हणालात, ‘डेपोत पत्त्याचा क्लब काढलाय का मॅडम?’ मी चिडले. मला नवी म्हणून कोणी हसलेलं चालत नव्हतं, त्यातून आमच्या घरातली नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. दात-ओठ खाऊन सेटिंग बदललं आणि पुन्हा नंबर लावला.

या खेपेला मी ‘नमस्कार’ असं टाइप केलं, अर्थात इंग्रजी अक्षरांत, मराठी कुठलं उमटायला. पडद्यावर काहीच दिसेना. वाटलं, गेलं नाही. परत टाइप केलं. परत काही नाही. तिसऱ्यांदा एकेक अक्षर ठोकून काढलं. तेवढ्यात तुमची ओळ सरकत आली: ‘नमस्कार, नमस्कार, नमस्कार. एकदा म्हणलं तरी चालतंय मॅडम.’ आणि खाली: ‘तुमचा इको बंद हाय. आपण काय बोलतोय ते आपल्यालाबी दिसाय पायजे. चालू करा.’ मी एकटीच हसत बसले. त्या दिवशी राग गेला तो गेलाच.

मग आपण बोलायला लागलो. पण दोघं एकदम टाइप करायला लागलो की अक्षरात अक्षर मिसळायचं. मी विचारायचे चहा झाला का, तुम्ही विचारायचात लाइट आहे का, आणि पडद्यावर दोन्हींची खिचडी. त्यावर तुम्ही कायदा केलात. आपलं सांगून झालं की शेवटी ‘बोला’ लिहायचं. ‘बोला’ आल्याशिवाय दुसऱ्यानं कीबोर्डला हात लावायचा नाही. रोज कोण टाइप करत बसणार म्हणून तुम्ही तो शब्द एफ-दहाच्या बटणावर बसवलात आणि मलाही बसवायला शिकवलंत. एक बटण दाबलं की ‘बोला’ उमटायचं आणि ओळ संपायची. मी कधी नुसतं हो-नाही लिहून बटण दाबलं की तुम्ही टोमणा मारायचात, बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि मुक्याचे गहू पडून राहतात, हे ध्यानात ठेवा म्हणून.



आणि ती बीप. कीबोर्डवर दोन बटणं एकत्र दाबली की समोरच्याच्या कॉम्प्युटरमध्ये घंटी वाजते, हे तुम्हाला कुठून सापडलं कोण जाणे. मी जरा जागेवरून उठले की तुमची हाळी सुरू, टूं टूं टूं. डेपोचे साहेब म्हणाले, हा आवाज बंद करा, डोकं उठतं. प्रोग्राममध्ये ‘बेल बंद’ असं सरळ सेटिंग होतं. मी साहेबांना सांगितलं, ते बंद केलं तर फाइल जात नाही. खोटं बोलले, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

भांडणंही झाली. सगळ्यात मोठं झालं ते कॅप्चरवरून. प्रोग्राममध्ये सोय होती, पडद्यावर जे जे येईल ते सगळं फाइलमध्ये उतरवून ठेवायची. मी म्हटलं, चालू ठेवते, नंतर वाचायला बरं. तुम्ही एकदम उखडलात. लिहिलंत, ‘बोलणं कुटं साठवत्यात व्हय? माणूस बोलतं, वाऱ्यावर जातं, संपलं. लिवून ठिवलं की त्येचा कागुद हुतो. मग मला जपून बोलाय लागंल.’ मी वाद घातला. म्हटलं, तुम्ही तर लिहितच आहात. तुम्ही म्हणालात, ‘न्हाई. मी बोलतोय.’ आणि एफ-दहा न दाबता लाइन तोडलीत. दुसऱ्या दिवशी मीच पडतं घेतलं. कॅप्चर बंद. तेव्हापासून बंदच.

मग तुमचा घसा बसला. पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा मला वाटलं सर्दी. मग वाटलं तंबाखू. तंबाखू सोडा म्हणून मी किती डोकं फोडलं, आणि तुम्ही काय म्हणायचात, चुना लावलाय, आता टाकून देऊ का? दिवाळी गेली तरी घसा सुटला नाही. एकदा फोनवर तुमचा आवाज असा आला की मी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवला.

मिरजेच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुमच्या घरी वहिनींना कळायच्या आधी मला कळलं. तोंडानं सांगायची तुमची छाती नव्हती. फाइल गेली, बीप वाजली, आणि ओळ आली: ‘गळ्यात गाठ हाय. स्वरयंत्र काढाय पायजे म्हणत्यात. काढलं की बोलणं बंद, कायमचं. बोला.’

अण्णा, काय बोलणार होते मी? मी लिहिलं, काढा. लगेच काढा, उद्या काढा. जीव राहिला तर सगळं राहील.  मग तुम्ही लिहिलंत, ‘आईला दिसत न्हाई. मी तिला आवाजानंच म्हाईत हाय. आवाज गेला तर तिच्या लेखी मी मेलोच की.’

तरी मी पिच्छा सोडला नाही. रोज संध्याकाळी तेच. तारीख घेतली का? तुम्ही म्हणायचात, घेतो. मग कळलं, दर रविवारी तुम्ही गावाकडं जाताय आणि आईशेजारी बसून दिवस मावळेपर्यंत बोलत बसताय. आहे तेवढा आवाज तिच्या पदरात घालून मग ऑपरेशन, असा तुमचा हिशेब. डॉक्टर ओरडत होते की उशीर होतोय. मीही ओरडत होते, म्हणजे टाइप करत होते. मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता की एकदा ‘करा काय करायचं ते’ असं लिहून बटण दाबलं. तुमचं उत्तर आलं, ‘अजून थोडं राह्यलंय सांगायचं.’ काय एवढं राहिलं होतं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

शेवटी आवाज नुसता फसफसायला लागला, तेव्हा तुम्ही मिरजेला जाऊन ॲडमिट झालात. मी भेटायला आले होते. गळ्याच्या खाली ते भोक, त्यावर जाळीचा रुमाल, आणि हातात तुमच्या मुलीची शाळेतली पाटी. तुम्ही पाटीवर लिहून माझी चौकशी करत होतात आणि मी उगाचच मोठमोठ्यानं, सावकाश बोलत होते. तुम्ही पाटी पुसलीत आणि लिहिलंत, ‘मला ऐकू येतंय.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कामावर परत आलात ती संध्याकाळ मी विसरणार नाही. फाइल गेली, बीप वाजली. मग तुमची ओळ आली, होती तशीच, त्याच वेगानं, त्याच फटकळपणानं: ‘काय मॅडम, माज्या माघारी पत्ते कुटले का न्हाई? बोला.’ मी रडले, अण्णा. पडद्यावर तुम्ही काडीभरही बदलला नव्हतात. तुम्ही लिहिलंत, हितं कचेरीत पाटी दाखवली की लोक कीव करतात, लांबून खुणा करतात, वहिनीसुद्धा लहान पोराशी बोलावं तसं बोलतात. ‘सगळ्या मुलखात मी मुका झालो. सातारला तेवढा अजून बोलका हाय.’

म्हणून तर ते खोटं तुम्हाला सुचलं. आईला काय सांगितलंत असं मी विचारलं, तेव्हा कळलं, घरच्यांकरवी सांगितलंत की ल्योकाची सातारला बदली झाली, लांब पडतं, रजा मिळत नाही. मी विचारलं, असं का? तुमचं उत्तर तयारच होतं: ‘खोटं कुटं हाय? बोलतोय तर सातारलाच.’

पण तुम्ही गावाकडं जायचं थांबवलं नाहीत. रविवारी जायचात, अंगणातल्या लिंबाखाली बसायचात, आणि दहा हातांवर घराच्या पुढच्या सोप्यात बसलेल्या आईकडं बघत राहायचात. ती शेळ्यांशी बोलायची, नातवंडांना हाका मारायची, आणि तुम्ही गप्प. घरच्या सगळ्यांना तंबी दिलेली. हे तुम्हीच मला पडद्यावर सांगितलंत. जिवंत माणूस आपल्या आईच्या समोर बसतो आणि ती बिचारी त्याच्या पत्राची वाट बघते, हा कुठला न्याय? मी तुम्हाला वाटेल ते बोलले. म्हटलं, जवळ जा, तिचा हात धरा, गळ्यावर ठेवा, तिला कळू दे. तुम्ही म्हणालात, ‘त्या भोकावर तिचा हात ठिवू? तिनं जल्म दिलेल्या गळ्यावर?’ मी म्हटलं, हो, ठेवा. आईचा हात आहे, तो काय भाजणार आहे का? तुम्ही लिहिलंत, ‘तुमाला न्हाई कळायचं.’ मी लिहिलं, तुम्हाला कळतंय म्हणून तर असे वागताय.

हे भांडण किती महिने चाललं. सोमवार आला की मी विचारायचे, काल गेला होता का? तिच्या जवळ गेलात का? तुम्ही विषय बदलायचात, टर्मिनलचे रंग बदलायला शिकवायचात. काळ्यावर पिवळं ठेवा, डोळ्यांना थंड. मी रंगही बदलले आणि भांडणही सोडलं नाही.

मग ती शेवटची संध्याकाळ. शेवटची आहे हे कोणाला ठाऊक होतं. लाइन खराब होती, मध्ये मध्ये कचरा उमटत होता, मुंग्या सांडाव्यात तसा. त्यातून तुमच्या ओळी वेचून वाचत होते. ‘काल गेलतो. आईनं तोंड माझ्याकडं केलं. म्हणली, कोण हाय तिथं? मी उठलो आन मागल्या वाटंनं आलो. एस्टीत बसून लय रडलो. मुक्याचं रडणं, शेजारच्यालाबी कळलं न्हाई. तुमचं खरं असंल मॅडम. येत्या ऐतवारी हात धरू का तिचा? बोला.’

मी बोटं कीबोर्डवर ठेवली. पहिलं अक्षर उमटायच्या आत लाइन तुटली. परत नंबर लावला, एंगेज. परत लावला, एंगेज. सांगलीची लाइन त्या दिवशी मेली ती मेलीच. म्हटलं, हरकत नाही, उद्या सांगते. काय सांगायचं ते मनात पक्कं होतं. हो. हो, अण्णा, धरा. तीनदा लिहिलं असतं, इको बंद असल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो तुमच्या कचेरीतून. पहाटे गळ्यातून रक्त आलं, मिरजेला नेईपर्यंत सगळं संपलं. आजार आतून परत फिरला होता आणि तुम्ही कोणाला पत्ता लागू दिला नव्हतात. मलाही नाही. एवढं बोललात आणि हे तेवढं बोलला नाहीत.

मी कॉम्प्युटर आदल्या दिवसापासून बंदच केला नव्हता. टर्मिनल उघडंच होतं. वर सरकवलं की मागचे दोन-चार पडदे दिसतात, तेवढं तो प्रोग्राम धरून ठेवतो. तुमच्या ओळी तिथं होत्या. मी वर गेले, खाली आले. तळाशी ‘बोला’ आणि पुढं कर्सर लुकलुकत. एक बटण दाबलं असतं तर ते सगळं फाइलमध्ये उतरलं असतं. माझं बोट त्या बटणापर्यंत गेलं, आणि तुम्ही डोळ्यांपुढं उभे राहिलात, बोलणं कुटं साठवत्यात व्हय म्हणत. मी विचार करत राहिले आणि लाइट गेली. डेपोतली बॅटरी कधीच मेलेली. पडदा काळा पडला. लाइट आली तेव्हा नवा कोरा प्रोग्राम उघडला, एक अक्षर नसलेला. तुमचा शब्द राहिला, अण्णा. खूश व्हा.

दहाव्याला मी तुमच्या गावी गेले. सांगलीहून जतची एस्टी धरली. मिरज मागं पडल्यावर हिरवं संपतं आणि मग नुसता माळ आणि कुसळं. आमच्या घरात आजोबांपासून पिंड, कावळा, सगळं बंद. त्यामुळं ओढ्याकडं मी गेलेच नाही, घरातच बायकांत बसले. वहिनींनी पाणी दिलं. त्यांचे डोळे सुजून गेले होते. त्यांनी हळूच सांगितलं की आईंना आता सगळं सांगितलंय, सांगावंच लागलं. ऑपरेशन, मुकेपण, लिंबाखालचं बसणं, सगळं. तेव्हापासून त्या कोणाशी चकार शब्द बोलल्या नाहीत, रडल्यासुद्धा नाहीत.

सोप्यात खांबाला टेकून म्हातारी बसली होती. कोणी तरी म्हटलं, सातारची मॅडम आली. तेवढ्यानं त्यांनी मान वळवली. जमिनीवर हात थोपटून मला जवळ बसायला सांगितलं. मी बसले. समोर तो लिंब, त्याखाली शेळ्या.

 मग त्या बोलल्या, आणि घरातल्या बाया आपापल्या जागी थांबल्या.

‘मला ठावं हुतं,’ म्हणाल्या. ‘त्यो यायचा त्ये. परकं माणूस अंगणात आलं की शेरडं रवंथ थांबवत्यात. तिथं कोणतरी येऊन बसायचं आन शेरडं चघळतच ऱ्हायची. म्हणलं, घरचंच हाय. मग श्वास ऐकला. भोकातनं वारं जावं तसा.’

 मी विचारलं, मग हाक का नाही मारलीत, आजी?

‘त्यानं एवढं लपिवलं. म्हणलं, आपणहून जवळ यील. त्या दिशी ऱ्हावलं न्हाई, तवा इचारलं कोण हाय. तर उठून गेला.’ आणि मग तोंड लिंबाकडं ठेवूनच म्हणाल्या, ‘आता मी इचारलं नसतं तर बसला असता अजून जरा येळ.’

अण्णा, ऐकताय ना? तुम्ही तिचा जीव राखत होतात आणि ती तुमचा मान राखत होती. दोघं दहा हातांवर. मला तुमचा त्या क्षणी इतका संताप आला की तुम्ही समोर असतात तर मी चार बायकांदेखत तुमच्या तोंडावर बोलले असते. आणि त्याच वेळी वाटलं, असला माणूस मला रोज संध्याकाळी भेटत होता. तुम्ही माझ्याशी जे बोललात ते या माउलीच्या वाटणीचं होतं, आणि ते मला मिळालं.

म्हातारीनं चाचपत माझा हात धरला. ‘सातारला बदली झाली म्हणून सांगत हुते मला. तिथं तरी बोलायचा का त्यो?’

म्हटलं, बोलायचे. रोज बोलायचे.

‘काय बोलायचा?’

काय सांगू? माझ्याजवळ एक कागद नव्हता, एक ओळ नव्हती. तुम्ही ठेवू दिली नव्हतीत.  तेव्हा त्यांचा हात माझ्या मनगटावरून दंडावर आला, दंडावरून खांद्यावर, आणि चाचपडत चाचपडत माझ्या गळ्यावर येऊन थांबला. खरखरीत, गरम हात. तुमच्या गळ्यावर जो ठेवायचा राहिला तोच.

‘बोल,’ म्हणाल्या.

मी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. माझी भाषा सोडली आणि तुमची धरली, तुम्ही फोनवर बोलायचात तशी, मोठ्यानं, अंगण भरून जाईल अशी. म्हटलं, ‘नमस्कार, नमस्कार, नमस्कार. एकदा म्हणलं तरी चालतंय मॅडम.’

अंगणात शेळ्या चघळत होत्या. म्हातारीचा हात माझ्या गळ्यावर तसाच होता, आणि तिनं मान हलवली.

‘व्हय,’ म्हणाली. ‘त्योच हाय.’